वन्सं जेवत नाहीत

माझ्या आधी या घरात एकच बाई आली होती, आणि ती अजगर होती.

नवऱ्याला ना भाऊ ना बहीण. चाळिशी उलटल्यावर आमचं लग्न ठरलं तेव्हा मैत्रिणी म्हणाल्या, सुटलीस बाई, ना सासू, ना जाऊ, ना नणंद. मी हुरळून घरात पाऊल टाकलं, तर आतल्या खोलीत काचेच्या पेटीत, पिवळ्या दिव्याखाली, एक बाईसाहेब वेटोळं घालून बसलेल्या. त्यांनी डोकं उचललं, जीभ दोनदा बाहेर काढून माझा अंदाज घेतला आणि डोकं परत खाली ठेवलं. वहिनी पसंत नव्हती हे स्पष्ट होतं. त्याच दिवसापासून मी त्यांना वन्सं म्हणायला लागले. नवरा हसला, पण नाव चिकटलं. आजतागायत मी वन्संना अहोजाहो करते आणि त्या मला मोजत नाहीत.

अजगर म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे बकरी गिळणारं धूड येतं. वन्सं त्याच कुळातल्या, पण चणीने लहान. सरळ केल्या तर माझ्या कापड कापायच्या टेबलाएवढ्या भरतील, आणि सरळ व्हायचा त्यांना मुळातच कंटाळा. अंगावर तपकिरी आणि सोनेरी ठिपके, उजेडात धरलं तर वरून एक निळसर झाक. असं कापड बाजारात आलं असतं तर मी दोन तागे घेऊन ठेवले असते.

मी पडदे शिवते. हॉटेलांचे, दवाखान्यांचे, एकदा एका नाटकघराचासुद्धा शिवला. आमच्याकडे वर्षातले बरेच महिने थंडीचे, आणि घरात खऱ्या अर्थाने उबदार अशी एकच खोली, वन्संची. दिवा त्यांच्यासाठी, पेटीखालची गरम गादी त्यांच्यासाठी, खिडकीच्या फटीत कोंबलेल्या चिंध्याही त्यांच्यासाठीच. मी माझं मशीन उचलून तिथं नेलं आणि वन्संच्या जिवावर ऊब खाऊ लागले.

त्या खोलीत दुपार कधी सुरू झाली आणि कधी संपली हे कळायचं नाही. मधासारखा उजेड सकाळी तोच, संध्याकाळी तोच. पडद्याचं कापड टेबलावरून जमिनीवर उतरायचं, पेटीत वन्सं लाकडावरून खाली उतरायच्या, दोघीही सारख्याच संथपणे, आणि अर्धवट झोपेत मला कापड कुठलं नि नणंद कुठली ते उमजायचं नाही. पाय मशीनवर चालू, डोळे मिटलेले. एकदा जागी झाले तर अख्खा पडदा शिवून तयार होता, आणि शिवण माझ्या जागेपणीच्या शिवणीपेक्षा सरळ होती. नवऱ्याला सांगितलं तर म्हणाला, वन्संनी शिवला असेल.

नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. जन्मभर वरखाली केलं, पण स्वतःला राहायला तळमजलाच घेतला. सकाळी हत्यारांची पिशवी घेऊन जायचा, संध्याकाळी ग्रीसचा वास घेऊन यायचा, हात धुवायचा आणि आधी वन्संकडे जायचा, मग माझ्याकडे. मी त्याबद्दल कधी भांडले नाही. वन्सं थोरल्या होत्या.

वन्सं दर वर्षी थंडी सरता सरता अंडी घालायच्या. नर नाही, काही नाही, तरी घालायच्या. त्यातून काही निघणार नव्हतं, पण त्यांना ते कोण सांगणार? काही दिवस त्या अंड्यांभोवती वेटोळं घालून बसत, मग अंडी सुकून सुरकुतत, आणि नवरा ती हळूच काढून घेई. एका वर्षी अंडी बाहेरच येईनात. पोट दगडासारखं घट्ट झालं, वन्सं तोंड उघडून श्वास घेऊ लागल्या, आणि नवऱ्याने त्यांना उशीच्या अभ्र्यात घालून, पोटाशी गरम पाण्याची पिशवी लावून दवाखाना गाठला.

आमच्या भागात सापांवर हात टाकणाऱ्या डॉक्टरबाई एकच. बाकीचे सगळे कुत्र्यामांजरांचे. सापाचं नाव काढलं की त्यांना नेमकं जेवायला जायचं असतं. डॉक्टरबाईंनी अडकलेली अंडी काढली, आणि पुन्हा हा प्रसंग नको म्हणून दोन्ही अंडाशयं नि नळ्याही काढून टाकल्या. वन्सं वाचल्या. नवरा दवाखान्याच्या बाकावर बसून लहान मुलासारखा रडला.

घरी आणल्यावर मी टाके बघितले आणि माझा पारा चढला. कुशीला, पोटाच्या रुंद खवल्यांच्या जरा वर, लांबलचक शिवण, आणि कडा चक्क बाहेर वळवलेल्या! आमच्या धंद्यात कड बाहेर दिसली तर गिऱ्हाईक पडदा तोंडावर फेकतं. मी तडक फोन लावला.

"अहो, सापाची कातडी आपणहून आत वळते," डॉक्टरबाई म्हणाल्या. "कडा आत गेल्या तर जखम जुळणारच नाही. म्हणून बाहेर काढून शिवायचं."

"आणि टाके काढायचे कधी?"

"दोनदा कात टाकू दे. मग बघू."

"एवढे दिवस टाके अंगात?"

"सापाला घाई नसते हो. तुम्हाला आहे."

मी फोन ठेवला. ज्याची त्याची शिवण.

टाके निघाले तेव्हा डॉक्टरबाईंनी आम्हाला समोर बसवून सांगितलं की ऑपरेशन एका दिवसाचं असतं, त्यानंतरची वर्षं आमच्या हातात. अंडी नाहीत म्हणजे अंड्यांसाठीचा उपासही नाही, तेव्हा वन्सं बारा महिने खातील आणि फुगतील. खाणं बेताचं ठेवायचं. व्रणापाशी कात अडकेल, ती ओढायची नाही. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, सापाचं अंडाशय असतं मण्यांच्या माळेसारखं लांबट, त्यातला एखादा मणी नजरेतून सुटून आत राहिला असेल तर कित्येक वर्षांनी तो पुन्हा फुगू शकतो. "खाणं सोडलं तर माझ्याकडे आणा," त्या म्हणाल्या.

पण वन्संनी खाणं सोडलं नाही. वर्षं गेली. फ्रीजरमध्ये एका कप्प्यात आमचे मटार, दुसऱ्यात त्यांचे उंदीर. उंदीर कोमट पाण्यात सैल करायचा, पुसायचा, चिमट्यात धरून पुढे करायचा. नवरा पुढे करायचा तेव्हा वन्सं सावकाश घेत; मी पुढे केला की झडप घालत. कात टाकायची वेळ आली की डोळे दुधाळ होत, अंग फिकं पडे, आणि मग एका सकाळी मोज्यासारखी सबंध कात पेटीत पडलेली असे. फक्त व्रणापाशी एक पट्टा अंगालाच चिकटून राही. तिथं मी ओलं फडकं धरून बसायची. ऊब आणि ओल मुरली की पट्टा आपणहून सुटायचा. अशा दुपारी वन्संचं डोकं माझ्या मनगटावर असायचं, आणि एवढ्या वर्षांत त्या मला चावल्या नाहीत. सख्ख्या नणंदांबद्दल हे किती जणी सांगू शकतील?

अंड्यांची भानगड सुरू झाली ती ऑपरेशननंतरच्या पहिल्याच वर्षी.

थंडी सरली. अंडाशय नाही, नळ्या नाहीत, अंडी येणार कुठून? पण वन्सं पेटीत फिरायला लागल्या. हा कोपरा हुंगायच्या, तो कोपरा हुंगायच्या, लाकडाखाली डोकं घालून बघायच्या. शेवटी त्यांनी पाण्याच्या भांड्यालाच वेटोळं घातलं. भांडं कलंडलं. नवऱ्याने भरलं. पुन्हा वेटोळं, पुन्हा पाणी.

"ती शोधतेय गं," नवरा म्हणाला.

"काय?"

"आपण काढून घेतलं ते."

मला हसूही आलं आणि वाईटही वाटलं. दोन दिवस तो त्या पेटीपुढून हलला नाही. तिसऱ्या दिवशी माझ्यापुढे उभा राहिला आणि कान खाजवत म्हणाला, "तुला अंडी करता येतील का?"

मला झालर करता येते, चुणी करता येते, दुहेरी अस्तर करता येतं. अंडी मला कुणी कधी सांगितली नव्हती. पण मागणी आली की नाही म्हणायचं नाही, हा माझा नियम. जाड पांढऱ्या सुती कापडाची सहा अंडी शिवली, कडा आतून, बाहेर दोरा म्हणून दिसू दिला नाही. आत बारीक वाळू भरली, कारण वाळू ऊब धरते. पेटीच्या गरम कोपऱ्यात ठेवली. वन्सं आल्या. एकेक हुंगलं. मग अशा हळुवारपणे वेटोळं घातलं की आम्ही दोघं दारात उभे होतो ते तसेच उभे राहिलो. नवऱ्याने माझा खांदा धरला होता.

डॉक्टरबाईंना आम्ही हे सांगितलं नाही. काय सांगणार? उतारवयातली दोन माणसं एका सापाला बाहुल्या करून देतात, हे? काही आठवडे झाले की नवरा अंडी काढून डब्यात ठेवायचा, वन्सं दोन दिवस गोंधळायच्या आणि मग जेवायला लागायच्या. पुढच्या वर्षी पुन्हा डबा निघायचा. कुणाचं काही बिघडत नव्हतं.

मग नवरा निवृत्त झाला.

निरोपाला साहेबांनी शाल दिली, दोस्तांनी घड्याळ दिलं, आणि दुसऱ्या दिवसापासून त्याच्याकडे वेळच वेळ झाला. सकाळी सवयीने पिशवी उचलायचा आणि दारापर्यंत जाऊन परत यायचा. दोन दिवस त्याने घरातली सगळी दारं तेल घालून गप्प केली. नंतर एक स्टूल आणलं आणि पेटीपुढे ठेवलं. मी मशीनवर, तो स्टुलावर, वन्सं अंड्यांवर. दिव्याच्या उजेडात तिघांच्या सावल्या भिंतीवर एकमेकींत मिसळायच्या. सरत्या थंडीतल्या त्या दुपारी खरं सांगायचं तर मला फार गोड वाटायच्या. इतकी वर्षं ज्या खोलीत मी एकटीच डुलक्या घ्यायचे तिथं आता आणखी एक श्वास ऐकू यायचा. तो म्हणायचा, "बघ, श्वास घेताना अंडीपण हलतात." मी बघायचे, आणि खरंच, झोपेच्या पाण्यातून बघावं तशी अंडी हलताना दिसायची.

अंडी काढायची वेळ आली तेव्हा तो म्हणाला, "राहू दे अजून थोडे दिवस." थोड्याचे बरेच झाले. ऋतू बदलला, परत थंडी आली, अंडी तिथंच. या काळात वन्संनी एक उंदीर नाकारला. अजगर महिनोन्‌महिने उपाशी राहू शकतो, नवरा म्हणाला, आणि ते खोटं नव्हतं. दुसरा नाकारला. तिसरा नाकारला. मी पुढे केला तरी नाकारला.

एके दिवशी व्रणावर ओलं फडकं धरलं होतं, तर बोटांना कणा लागला. पूर्वी पाठ कशी भरलेली, गोल; आता कापडाखालून दोरी गेल्यासारखी मधोमध कड वर आलेली. मी फडकं तसंच धरून बसले, आणि बसल्या बसल्या मला झोप लागली.

स्वप्नात मी पडदा शिवत होते. त्याला शेवटच नव्हता. तो दारातून बाहेर गेला, रस्त्यावरून गेला, उंच उंच इमारतींच्या लिफ्टच्या विहिरींतून वर चढला. इकडे पेटीत अंडी फुटायला लागली. एकातून दोऱ्याचं रीळ निघालं. एकातून काड्यापेटीएवढी लिफ्ट निघाली, तिचं दार उघडलं, आत कुणी नव्हतं, दार मिटलं. बाकीची तशीच राहिली. मग वन्संनी डोकं उचललं आणि तिकिटाच्या खिडकीपाशी तासन्‌तास रांगेत उभ्या राहिलेल्या बाईच्या आवाजात मला विचारलं, "वहिनी, अजून किती दिवस?"

इतक्या वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदा वहिनी म्हटलं.

जागी झाले ती रडतच. वन्संचं डोकं मनगटावर होतं आणि बाकीचं अंग अंड्यांभोवती घट्ट. नवरा स्टुलावर बसून बघत होता.

"अहो," मी म्हणाले, "उद्या दवाखान्यात न्यायचं त्यांना."

"कशाला? बरी आहे ती."

"त्या बऱ्या नाहीत. त्या वाळत चालल्यात. तुम्ही नेणार नसाल तर मी नेते."

त्याने नेलं. अभ्रा, गरम पाण्याची पिशवी, सगळं नीट. अंडी मात्र मुकाट्याने पेटीतच ठेवली.

डॉक्टरबाईंचे केस पांढरे झाले होते, पण हात तेच. त्यांनी वन्संच्या पोटावरून बोटं फिरवली, मग थंड जेल लावून सोनोग्राफीचं यंत्र फिरवलं. पडद्यावर राखाडी धुकं हलत होतं. मी त्यात काहीतरी शोधत राहिले, काय ते मलाच माहीत नव्हतं.

"स्पष्ट काही दिसत नाही," त्या म्हणाल्या. "पण लक्षणं तशीच आहेत. खात नाही, एका जागेवरून हलत नाही. मागे एखादा तुकडा राहिला असेल आणि तो आता त्रास देत असेल. बारीक असेल तर यात दिसायचाही नाही. पोट उघडून बघावं लागेल."

"या वयात?" मी विचारलं.

"धोका आहे. भुलीतून उठेलच असं मी सांगू शकत नाही." त्या नवऱ्याकडे वळल्या. "त्याआधी एक सांगा. पेटीत काय काय ठेवता?"

"पाण्याचं भांडं," नवरा म्हणाला. "लाकूड. लपायला खोका."

"आणखी?"

नवऱ्याने तोंडात मिठाची गुळणी धरली. मी त्याच्याकडे बघितलं. तो जमिनीकडे बघत होता.

"मग ऑपरेशनच करावं लागेल," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"करा," नवरा म्हणाला.

मी शांत बाई नाही, पण माणसांत आवाज चढवायची सवयही मला नाही. त्या क्षणी मात्र माझं डोकं फिरलं. ताकाला जाऊन भांडं लपवणारे पुष्कळ पाहिले, पण भांडं लपवण्यासाठी घरच्या माणसाचं पोट फाडायला निघालेला हा पहिलाच. ज्या वन्संसाठी हा माणूस या दवाखान्याच्या बाकावर ढसाढसा रडला होता, त्यांना तो टेबलावर मरू द्यायला तयार होता, पण तोंडातून एक शब्द काढायला तयार नव्हता!

"अंडी आहेत," मी म्हणाले.

"कसली अंडी?" डॉक्टरबाई.

"माझी."

डॉक्टरबाईंनी चष्मा काढला. मग मी सगळं सांगितलं, सुती कापड, वाळू, आतली शिवण, डबा, आणि यंदा डबा रिकामा तो रिकामाच. मला वाटलं त्या हसतील. हसल्या नाहीत. त्यांनी वन्संच्या पाठीवरून एक बोट हळूच फिरवलं.

"अंड्यांसाठी साप पाळणारे लोक काय करतात माहीत आहे?" त्या म्हणाल्या. "अंडी काढून घेतात आणि आईला कोमट पाण्याने धुतात. पेटीही धुतात. अंड्यांचा वास असेपर्यंत ती आई असते. वास गेला की ती जेवायला उठते."

"पण हिचं तर सगळं काढलंय," नवरा पहिल्यांदा बोलला.

"काढलंय. मीच काढलंय. तरी ही असं का करते? मला माहीत नाही, आणि माहीत असल्याचा आव मी आणणार नाही. मला दिसतं तेवढं सांगते. ही आजारी सापासारखी पडून नाही, ही बसलीय. उबवणारी आई जेवत नाही. अंडी फुटली की उठते." त्यांनी चष्मा परत लावला. "तुमची फुटणार कधी?"

नवऱ्याचा चेहरा पांढराफटक पडला. मला माझं स्वप्न आठवलं आणि मी खुर्चीचा हात घट्ट धरला.

"आज पोट उघडत नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आधी अंडी काढा, धुवा, बघा. तरी नाही खाल्लं तर मला पर्याय राहणार नाही. फार थांबू नका. हिच्या अंगात थांबण्याइतकं काही उरलेलं नाही."

घरी येताना वन्सं अभ्र्यात, अभ्रा नवऱ्याच्या कोटाच्या आत. घरात आल्यावर मी थेट पेटीकडे गेले, झाकण उघडलं आणि पहिलं अंडं उचललं.

"एक राहू दे," तो मागून म्हणाला. "एकच."

"वन्संसाठी?"

मी वळले. कोटाची बटणं न काढता, छातीशी नणंद धरून, माझा नवरा दारात उभा होता.

"सकाळी उठलो की बघायला काहीतरी होतं," तो म्हणाला. "मला माहीत आहे की त्यात वाळू आहे. वेडा नाही मी. पण घरात काहीतरी व्हायचं आहे, असं वाटायचं. आपलं लग्न एवढ्या उशिरा झालं. घरात काही होण्याची वाट बघण्याचं आपलं वय कधी आलंच नाही."

मला एवढा राग आला होता की मी दहा उत्तरं तयार ठेवली होती. त्यातलं एकही कामाचं नव्हतं.

"मला का नाही बोललात?" मी विचारलं.

"तू झोपलेली असायचीस."

"मग उठवायचं. मी तिथंच होते की! तीन हातांवर! मी काय पेटीतली आहे, काच वाजवायला भीती वाटते ती?" माझा आवाज फाटला. "मला दुखतं हो हे. तुम्ही वाळूची वाट बघत होतात आणि मी शेजारी बसलेली."

त्याने कोट उघडला, वन्संना माझ्या हातात दिलं आणि मोठ्या पातेल्यात कोमट पाणी काढायला गेला.

वन्सं धुताना दोघांचे चारही हात पाण्यात होते. त्या पाण्याला ना गारवा ना चटका. वन्सं तरंगल्या, हातावरून हातावर गेल्या, एकदा माझ्या कोपराला विळखा घातला, सोडला, त्याच्या मनगटाला घातला, सोडला. खिडकीच्या काचेवर वाफ धरली आणि बाहेरचा रस्ता नाहीसा झाला. कितीतरी वेळ आम्ही तसेच होतो. त्याचे डोळे वाहत होते आणि तो ते पुसत नव्हता, कारण हात रिकामे नव्हते.

पेटी धुतली, लाकूड उकळत्या पाण्यातून काढलं. अंडी मी माझ्या हाताने उसवली. सहाच्या सहा. कडा आतून होत्या, त्यामुळे उसवायला वेळ लागला, आणि उसवताना मला माझ्याच कामाचा अभिमान वाटला, हे कबूल करते. वाळू नवऱ्याने रस्त्यावरच्या झाडाच्या आळ्यात नेऊन ओतली. कापड मी जाळून टाकलं.

वन्सं जेवल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी नाही, त्यानंतरही नाही. कोपरे हुंगत फिरायच्या. भांड्याला विळखा घालायच्या, म्हणून आम्ही भांडं काढून सपाट ताटली ठेवली. खोक्याला घालायच्या, म्हणून खोका काढला. पेटी उघडीबोडकी झाली. डॉक्टरबाईंचा फोन आला, मी म्हटलं अजून नाही, त्या म्हणाल्या, या आठवड्यात टेबल मोकळं ठेवते. नवऱ्याने फोन ऐकला आणि पुन्हा स्टूल धरलं. मी मशीनवर बसत होते पण शिवत नव्हते. मला झोपही येईनाशी झाली. उजेड तोच मधाचा, पण आता तो नुसताच पिवळा दिसायचा.

मग एका दुपारी मी उंदीर कोमट करून आणला, तर नवऱ्याचा हात पेटीत होता.

मूठ मिटून त्याने ती गरम कोपऱ्यात ठेवली होती, आणि वन्सं तिच्याभोवती बसल्या होत्या. घट्ट, व्यवस्थित, डोकं वर, हनुवटी त्याच्या अंगठ्यावर. कितीतरी दिवसांत त्या इतक्या शांत दिसल्या नव्हत्या. तोही. त्याने माझ्याकडे बघितलं, आणि त्याच्या चेहऱ्यावर असा काही उजेड होता की मला क्षणभर वाटलं, जेवण गेलं खड्ड्यात, बसू देत दोघांना.

"बघ," तो कुजबुजला, "माझ्याकडे आली."

मी चिमटा हातात धरून उभी होते.

"हात काढा," मी म्हणाले.

"आत्ताच बसलीय गं. थोडा वेळ."

"अहो, तुमची मूठ गोल आहे आणि गरम आहे. त्यांना फरक कळत नाही. तुम्हाला कळतो. काढा हात."

वन्संचा श्वास त्याच्या मनगटाभोवती वर येत होता, खाली जात होता. मग त्याने मूठ उघडली. एकेक बोट सरळ केलं, तळहात सपाट केला, आणि विळख्यातून हात असा मागे घेतला की वन्सं जागच्या हलल्या नाहीत. हात बाहेर आला तरी विळखा तसाच राहिला. मधे मुठीएवढी पोकळी, आणि भोवती वन्सं.

वन्संनी डोकं खाली घातलं आणि त्या पोकळीत बघितलं. जीभ बाहेर, आत, बाहेर. पुन्हा बघितलं. मग कडेचं एक वेटोळं सैल झालं, दुसरं झालं, आणि ती पोकळी मिटून गेली. डोकं माझ्याकडे वळलं. मी चिमटा पुढे केला.

वन्संनी झडप घातली.

"जेवल्या," मी म्हणाले. परत एकदा म्हणाले, "अहो, वन्सं जेवल्या."

तो मान हलवत राहिला. त्याचा उजवा हात तसाच अर्धवट पुढे होता, बोटं किंचित वाकलेली. तो खिशात घालावा की मागे घ्यावा हे त्याला सुचत नव्हतं. मी चिमटा खाली ठेवला आणि तो हात माझ्या दोन्ही हातांत धरला. चांगलाच गरम होता.